वाढवलेलं दुकान

एका बाजाराच्या गावात मन्मथअप्पा नावाचे वाणी राहत. दुकान चांगलं चालत होतं, पण मुलगा नव्हता. गौरा नावाची एकच मुलगी. म्हणून अप्पांनी दूरच्या कानडी मुलखातला बसवंत नावाचा जावई पाहिला आणि त्याला घरीच ठेवून घेतलं. पुढे दुकान त्याच्याच हाती द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. परका माणूस धंदा बुडवील, असं भाऊबंद म्हणत. अप्पा वरवर हसत, पण आतून त्यांनाही धाकधूक होतीच.

बसवंत कष्टाळू होता. मात्र त्या घरात जावयाचा मान भलताच मोठा. तो झाडू उचलायला गेला की अप्पा म्हणत, "जावईबापू, तुम्ही बसा." सासूबाई गिरिजाबाई तर त्याच्यासमोर येतच नसत. काही सांगायचं झालं तर दाराआडून सांगत आणि निघून जात. मान इतका मिळाला की बिचाऱ्याला करायला काही उरलं नाही.

एकदा अप्पांना माल आणायला परगावी जावं लागलं. गाडीत चढता चढता ते म्हणाले, "जावईबापू, रोज दिवेलागणीला दुकान वाढवा."

बसवंतला आनंद झाला. अखेर या घरात त्याला एक काम मिळालं होतं.

संध्याकाळी शेजारचे दुकानदार दारं लावू लागले. आजवर त्या वेळी त्याला मानाने आत बसवत, त्यामुळे दुकान आवरताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. बसवंतला नवल वाटलं. सगळे दुकान आवरतात आणि मामा, म्हणजे सासरे, मात्र वाढवायला सांगतात. म्हणूनच मामांचा धंदा असा जोरात आहे, असं त्याने ठरवून टाकलं आणि शेंगांची पोती बाहेर ओट्यावर मांडली. दुसऱ्या संध्याकाळी मिठाची पोती शेजाऱ्याच्या ओट्यावर गेली. मग पेंड रस्त्यावर आली. राखणीला म्हणून तो स्वतः खाट टाकून बाहेरच झोपू लागला.

गावात तर्क सुरू झाले. कोणी म्हणालं, नवस असेल. कोणी म्हणालं, कानडी मुलखातली रीत असेल. गिरिजाबाई दाराच्या फटीतून बघत. त्यांना चैन पडेना, पण जावयाला हटकायचं कसं?

"तू तरी विचार," त्या गौराला म्हणाल्या.

"विचारलं. अप्पांनीच सांगितलंय म्हणतात."

"मग असेल काहीतरी," म्हणून गिरिजाबाई पुन्हा फटीला डोळा लावून बसल्या.

अप्पा परतले तेव्हा दुकान थेट लोहाराच्या दारापर्यंत पोहोचलं होतं. गावात मोकाट सोडलेला पोळ निवांत पेंड खात होता आणि मिठाचं एक पोतं गटारात पडलं होतं.

"हे काय, जावईबापू?" अप्पांनी गाडीतूनच विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना मामा, दुकान वाढवा. इथे जागा संपली, नाहीतर अजून वाढवलं असतं."

अप्पा संतापले. भाऊबंदांचं खरं झालं, याला आजच माघारी धाडावं, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. तेवढ्यात दाराआड कोणीतरी खुदकन हसलं. गिरिजाबाई पहिल्यांदाच जावयासमोर आल्या.

"अहो जावईबापू, आमच्याकडे दुकान बंद करा म्हणत नाहीत. तसं बोलणं अशुभ. म्हणून वाढवा म्हणायचं. दिवासुद्धा विझवत नाहीत, वाढवतात."

बसवंतचा चेहरा उतरला. "मामी, मामा गेल्यापासून तुम्ही दाराआडून दिवा वाढवा म्हणालात की मी तेल घालायचो."

"तरीच माझं तेल पुरत नव्हतं."

"पण एका शब्दाने विचारायचं होतं," अप्पा गुरगुरले.

"कुणाला विचारू, मामा? मी जवळ आलो की सगळे उठून जाता."

अप्पांचा राग तिथेच ओसरला. खरं बोलणं असंच लागतं. मग त्यांनी बाह्या सारल्या आणि म्हणाले, "चला, सगळे मिळून आत आणू."

गिरिजाबाईंनी पदर खोचला. गौराने पोळाला हुसकावलं. चौघांनी मिळून दुकान आत आणलं, आणि त्या दिवसापासून संध्याकाळचं हे काम चौघांचंच झालं. कोणी पोती झाकी, कोणी झाडून घेई. काम करता करता बोलणं होई. बसवंतच्या गावी सुपाला काय म्हणतात, त्याला आंबट वरण का आवडत नाही, गिरिजाबाईंचा गुडघा कधीपासून दुखतो, सगळं एकमेकांना कळू लागलं. आता न कळलेला शब्द बसवंत बेधडक विचारी.

एके दिवशी हरभऱ्याचं पोतं अप्पांच्या हातातून निसटू लागलं. "अरे बसवंता, धर की, बघतोस काय!" अप्पा ओरडले.

गौराने जीभ चावली. जावयाला अरेतुरे म्हणजे केवढा अपमान. बसवंतने मात्र धावत येऊन पोतं धरलं. त्याचे डोळे भरून आले होते. त्या घरात त्याला पहिल्यांदाच कोणी मुलासारखी हाक मारली होती.

तात्पर्य: जावयाला नुसता मान दिला तर तो पाहुणाच राहतो, बरोबरीने कामाला हात लावू दिला, की तो घरचा होतो.