चिंगी चिचुंद्री आणि वाटीभर पिठीसाखर

ऐका हं. एक होती चिचुंद्री. नाव चिंगी. नाक लांबुळकं, अंग इवलंसं. तिच्याशी कोणी म्हणजे कोणी खेळेना.

चिंगीजवळ नानखटाईचा एक तुकडा होता. कावळा आला. तुकडा घेऊन भुर्रकन गेला. चिंगी रडत बसली. डोळे पुसायलाही कोणी नव्हतं.

मग निघाली तुरुतुरु तुरुतुरु. शेवंताकाकूंच्या स्वयंपाकघरात आली.

"ओव्हनदादा, ओव्हनदादा, नानखटाई दे ना."

"तूप फुलल्याशिवाय मी तापणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु.

"तूपभाऊ, तूपभाऊ, फूल ना.
ओव्हन तापेना.
मी एकटी काय खाऊ?"

"साखर आल्याशिवाय मी फुलणार नाही."

पिठीसाखर डब्यात बसली होती. झाकण घट्ट लावून.

"साखरताई, साखरताई, ये ना.
तूप फुलेना,
ओव्हन तापेना.
मी एकटी काय खाऊ?"

"वाटीने मोजल्याशिवाय मी येणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु.

"वाटीबाई, वाटीबाई, मोज ना.
साखर येईना,
तूप फुलेना,
ओव्हन तापेना.
मी एकटी काय खाऊ?"

"साखरेत गाठीच गाठी. माप चुकेल. चाळणीने चाळल्याशिवाय मी मोजणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु.

"चाळणमावशी, चाळणमावशी, चाळ ना.
वाटी मोजेना,
साखर येईना,
तूप फुलेना,
ओव्हन तापेना.
मी एकटी काय खाऊ?"

"काकूंनी हलवल्याशिवाय मी चाळणार नाही."

बाई बाई, काय हा एकेकाचा ताठा. चिंगीचे पाय दुखले. तरी गेली.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. त्याही एकट्याच.

"काकू, काकू, उठा ना.
चाळणी चाळेना,
वाटी मोजेना,
साखर येईना,
तूप फुलेना,
ओव्हन तापेना.
मी एकटी काय खाऊ?"

काकू म्हणाल्या, "कोणासाठी करू गं? माझ्या एकटीला वाटीभर साखर कशाला?"

चिंगी म्हणाली, "आता आपण दोघी आहोत की."

काकू पदर खोचून उठल्या.

चाळणी हलली, सुर्र सुर्र. गाठी वर राहिल्या, साखर खाली भुरभुरली. वाटी म्हणाली, "दाबून भरू नका हं. हलकी हलकी भरा." काकूंनी हलकीच भरली. वरून सुरी फिरवली. झालं माप.

साखर तुपात आली. तूप फसफस फुललं. मैदा पडला, गोळे झाले. ओव्हन तापला. घमघम घमघम वास सुटला.

काकूंनी दोन बशा मांडल्या. एक मोठी, एक अगदी पिटुकली.

"गरम आहे गं. फुंकून खा."

चिंगीने फुंकर मारली. कुर्रुम कुर्रुम खाल्लं. कितीतरी दिवसांनी काकूंनी कोणाला तरी 'खा' म्हटलं.