उघाडीवरचा राखणदार

बंधाऱ्यातल्या या लाकडी झडपेला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ती उघडून शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायचं, भरतीआधी पाडायची. हे कोण करतं, ते आमच्या गावात विचारत नाहीत.

मागे पुण्याची कॉम्प्युटरवाली मुलं आली होती. हे ऐकून त्यांच्यातली एक म्हणाली, "आजोबा, आम्ही अशाला डीमन म्हणतो." नजरेआड राहून सतत राबणारा प्रोग्रॅम, तो डीमन. मला वाटलं, हा सैतानच. ती म्हणाली, नाही. ग्रीकांचा जुना शब्द. देव आणि माणूस यांच्यामधला कुणी अदृश्य. पुढे एका शास्त्रज्ञाने दारावर बसलेला असा एक चिमुकला कल्पिला. वेगवान कण एकीकडे सोडायचे, मंद दुसरीकडे. कॉम्प्युटरवाल्यांनी नाव तिथून उचललं.

"दारावर बसून निवड करतो? मग तो आमच्याच जातकुळीचा," मी म्हटलं, आणि तिला शेवंतीची गोष्ट सांगितली.

असे सांगतात की, पूर्वी उघाडीची पाळी घरोघरी फिरे. एका वर्षी पाळीवरून दोन वाड्यांत तंटा झाला, झडप उघडी राहिली आणि पोटरीतल्या, कणीस फुटायच्या बेतातल्या भातात खारं पाणी शिरलं. वर्षाचं अन्न गेलं. पुढल्या वर्षी तंटा तसाच, पण झडप मात्र वेळेवर पडे, वेळेवर उघडे. गाव म्हणालं, हा राखणदार, न दिसणारा रक्षक देव. दर अमावास्येला सकाळी तिथे तांदळाचा रोट ठेवू लागले. दुपारपर्यंत तो फस्त होई, त्यामुळे श्रद्धा अधिकच बळावली.

बारा वर्षांनी एका दुपारी दत्ताराम गावकर बंधाऱ्यावरून चालले होते. भरती चढत होती आणि काठाला एकटी राहणारी म्हातारी शेवंती झडपेशी झटत होती. तिला कुणी कधी पाळीतही धरलं नव्हतं. गावकरांनी धावत जाऊन हात लावला, झडप बसली. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. गावासमोर तुझा मान करतो, म्हणाले.

"दत्तारामा, कोणाक सांगू नको," शेवंती म्हणाली. "नाव कळला तर चार दिस पाया पडशात, मगे रोज चुका काढशात. उद्यापासून तूच ये. रोट अर्धो तुझो, अर्धो माझो."

गावकर हसले आणि दुसऱ्या दिवशी खरोखर आले. ती गेल्यावरच त्यांनी हे गावाला सांगितलं. तेव्हा ठरलं म्हणे, की झडप पाडील तो राखणदार. नाव विचारायचं नाही.

आजही कुणी विचारत नाही. निघताना त्या पुण्याच्या मुलीचं लक्ष माझ्या तळव्यांवरच्या ओल्या चिखलाकडे गेलं. शहाणी पोर, नमस्कार केला आणि गाडीत बसली.