माळावरचे खांदेकरी

त्या माळावर बिळं उदंड झाली होती आणि शेजार उरला नव्हता.

मोठ्या रानात दाटी झाली, तिथल्या प्राण्यांना श्वास पुरेना, तेव्हा त्यांना माळाची वाट सापडली. इथली हवा चांगली, आभाळ ऐसपैस. लावे, तितर, साळिंदरं विसाव्याला येत आणि एकदोन दिवसांत परतत. कोळी मात्र राहायलाच आले. कोळ्यांचं अंग माळावर आणि काम मोठ्या रानात. तिथपासून इथपर्यंत त्यांनी जाळ्याच्या तारा ओढल्या होत्या. तार हलली की कोळी हले, एरवी तो आहे की नाही हेही कळत नसे. या सगळ्यांसाठी रोज नवी बिळं खणली जात. जुनी मंडळी आपापली बिळं पाहुण्यांना सोडून खाली दूरच्या ओढ्याकडे निघून गेली.

भुरकी सशीण आणि तिचा नवरा गवत्या तेवढे मागे राहिले. ‘पाहुणे काय, येतील नि जातील,’ असं गवत्या म्हणे.

आणि ते येत नि जात. भुरकी सकाळी बाहेर येई तेव्हा शेजारच्या बिळाशी कधी साळिंदराचे काटे पडलेले असत, कधी लाव्यांची पिसं. सुरुवातीला ती कोवळी हरळी घेऊन ओळख करून घ्यायला जाई. लावे मान डोलावून म्हणत, “किती छान आहे हो तुमच्याकडे!” दुसऱ्या दिवशी तिथे निराळेच लावे, आणि तेही तेच म्हणत. हळूहळू तिने नावं विचारायचं सोडून दिलं.

माळ वरून हिरवा होता तसाच राहिला. आतून तो पोकळ होत चालला होता.

एका सकाळी गवत्या चरायला निघाला आणि दोन पावलं जातो न जातो तोच त्याच्या पायाखालची जमीन आत गेली. ‘भुरके!’ एवढंच भुरकीला ऐकू आलं. मग नुसती धूळ.

भुरकीने पंजांनी माती उपसायला सुरुवात केली. एकटीने ती संपणारी नव्हती. ती शेजारी धावली. तिथे तितरांचं जोडपं उन्हात पंख पसरून बसलं होतं.

“धावा हो, माझा नवरा गाडला गेलाय!”

तितर घाबरून उठला. “अरे बापरे… पण आम्ही इथले नाही. इथल्या कुणाला तरी सांगा.”

“इथलं कोण?”

तितराने इकडेतिकडे पाहिलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मग ती समोरच्या बिळाच्या तोंडावर जाळ्यात लटकलेल्या कोळ्याकडे गेली. तो वाईट नव्हता. तिचं ऐकताना त्याचे सगळे डोळे पाणावले.

“ताई, एक क्षण हं. तार हलतेय.” त्याने पाय आपटून काहीतरी उत्तर धाडलं, मग तिच्याकडे वळला. “मी आत्ता कळवतो सगळ्यांना.”

“कळवू नका, खाली या!”

“खाली उतरलो तर तार सुटेल ना,” तो काकुळतीने म्हणाला.

त्याने कळवलं. मोठ्या रानातून तार थरथरत राहिली. तिथल्या अनोळखी कोळ्यांना फार वाईट वाटलं होतं. कोळी एकेकाचं दुःख तिला वाचून दाखवत होता तेव्हा ती माती उपसत होती. पंजे सोलवटले. शेवटी हाताला कान लागले. ते गार होते.

सशांमध्ये मेलेल्याला जागीच टाकत नाहीत. पळसाच्या फांदीवर ठेवून, चौघांनी खांदा देऊन टेकडीपलीकडे नेतात. भुरकीला स्वतःचा धरून एकच खांदा होता. बाकीचे तिने दारोदार मागितले. काही जण ऐकून आत गेले. अखेर नुकत्याच आलेल्या तीन साळिंदरांना तिची दया आली, आणि थोडं कुतूहलही वाटलं. इथली रीत त्यांनी कधी पाहिली नव्हती.

वाटेत साळिंदरं आपसांत हळू आवाजात बोलत होती. टेकडीवरून दिसणारा देखावा त्यांना आवडला. उतरणीला लागल्यावर सगळ्यांत धाकट्याने संकोचत विचारलं, “यांचं नाव काय होतं हो?”

“गवत्या,” भुरकी म्हणाली. तिला एकदम वाटलं, आता माळावर हे नाव जाणणारी आपण एकटीच. साळिंदरांनी ते नाव एकदा नीट उच्चारलं, माती लोटली आणि नमस्कार करून ती तिघं दुसऱ्या वाटेने भटकायला गेली.

भुरकी परतली तेव्हा उन्हं कलली होती. तिच्या बिळाचं तोंड झाडून स्वच्छ केलेलं होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता. दुपारी लाव्यांचं एक कुटुंब माळावर उतरलं होतं. बीळ उघडं, आत कुणी नाही. कुणाचं आहे हे सांगणारंही आसपास कुणी भेटलं नव्हतं. भुरकीने घातलेल्या गवतावर पिल्लं लोळत होती.

दारात सावली पडली तशी लावी लगबगीने पुढे आली. भुरकीच्या रक्ताळलेल्या पंजांकडे पाहून तिला भरून आलं.

“या ना, या. किती दमलात! बसा जरा,” ती म्हणाली आणि गवत सरकवून तिने जागा केली. “कुठून आलात?”

परक्याच्या घरी बसावं तशी भुरकी दाराशी अंग चोरून बसली.