येसूचा मुजरा

तांबडगावच्या महाराजांनी कुंभारांचा मातीचा माळ चेंडूफळीच्या मैदानासाठी घेतला आणि कुंभारवाड्यातली चाकं बंद पडली. येसू कुंभारीण तडक दरबारात गेली. तिने मुजरा केला आणि महाराजांच्या हातातला विडा मांडीवर पडला. रयतेचा मुजरा दिसला की त्यांचा उजवा हात आपोआप छातीशी जायचा. आईसाहेबांनी लहानपणी छड्या मारून लावलेली सवय!

"माती नाही, तर मडकी कशाची घडवू? तुमच्या पराक्रमाची?" येसूने विचारलं.

चेंडूफळीत गडी चेंडू चुकवत तीन लाकडी पाट गाठतो आणि शेवटी चौथ्या, घरच्या पाटावर येतो. महाराज मिशीत हसले. "तिसऱ्या पाटावर उभी राहा. तिथून घरच्या पाटापर्यंत चालत यायचं, धावायचं नाही. चेंडू आम्ही टाकू. चेंडूच्या आधी पोचलीस तर माळ तुझा. नाहीतर मातीचं नाव काढायचं नाही."

दरबार खो खो हसला. तीस पावलांचं अंतर, आणि महाराजांचा चेंडू म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत घरच्या पाटावर.

"खेळाचा नेम तरी सांगा," येसू म्हणाली.

दिवाणजी खाकरले. "गडी पाटावर असताना चेंडूवाल्याचा हात उठला, की चेंडू घरच्या पाटाकडे सुटलाच पाहिजे. हात मध्येच अडला तर ती हुलकावणी. मग गडी बिनधोक एक पाट पुढे."

"आमच्यातही तसंच. चाकावर हात अडला की मडकं गेलं. पण हा नेम महाराजांनाही लागू?"

"आधी आम्हालाच!" महाराज गरजले. "आमचा हात आजवर अडलेला नाही."

सगळा गाव मैदानाभोवती जमला. पदर खोचून येसू तिसऱ्या पाटावर उभी राहिली. महाराजांनी चेंडू घेतला, हात उंच उचलला आणि येसूने कमरेत वाकून झोकात मुजरा केला.

महाराजांचा हात थेट छातीशी! चेंडू टपकन पायाशी पडला.

"हात अडला, हुलकावणी!" म्हणत येसू निघाली. सावकाश, डोक्यावर भरली घागर असल्यासारखी चालत घरच्या पाटावर पोचली.

"ही फसवणूक आहे!" दिवाणजी ओरडले.

"मुजरा फसवणूक असेल तर तसा हुकूम काढा, दिवाणजी. उद्यापासून महाराजांना कुणी करणार नाही."

महाराज पोट धरून हसत खालीच बसले.

"माळ तुझा," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि आम्ही दुसरीकडे नवं मैदान करू, तिथे पंचही तूच. फक्त एक विनंती आहे, येसूबाई. चेंडू हातात असेपर्यंत मुजरा उधार ठेव!"