राजासाठी शिवलेली मोट

ही गोष्ट फार जुन्या काळची आहे. तेव्हा बैल बोलत असत आणि, त्याहून नवलाचं म्हणजे, माणसं त्यांचं ऐकूनही घेत असत.

दोन डोंगरांच्या मधल्या एका राज्यात एक मोटकर राहत होता. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची कातड्याची भली मोठी पिशवी. बैल उतारावरून पुढे चालले की दोर ओढला जाई आणि भरलेली मोट वर येई. बैल मागे सरकले की रिकामी मोट खाली जाई. पुढे आणि मागे, पुढे आणि मागे, असं दिवसभर चाले आणि मळे हिरवे राहत.

मोटकराच्या घरी सात पिढ्या मोटा शिवल्या जात होत्या. त्याच्या कारखान्यात वीस कारागीर होते. नवी मोट विकण्याआधी तो ती स्वतःच्या विहिरीवर शंभर वेळा भरून बघे. एक थेंब गळला तरी सगळी शिवण उसवायची आणि पुन्हा घालायची. ही शंभर खेपांची परीक्षा घेणारा त्याचा बैल होता चांद्या. चांद्याला एक जोडीदारही होता, पण त्याला बोलण्यापेक्षा रवंथ करणं आवडे.

एके दिवशी समुद्रापलीकडून एक व्यापारी आला. त्यानं एक नवं यंत्र आणलं होतं. एक मोठं चाक, चाकावरून विहिरीत सोडलेली माळ आणि माळेला बांधलेली मातीची गाडगी. बैल गोल फिरला की चाक फिरे, गाडगी भरून वर येत आणि पाणी न थांबता पाटात पडे. आपण आज त्याला रहाटगाडगं म्हणतो.

पहिलं रहाटगाडगं पाटलांच्या विहिरीवर बसलं. सारा गाव बघायला जमला. मोटकरही आला आणि मागे उभा राहिला.

पाटलांचा बैल बारा पावलं चालला, थांबला आणि सवयीप्रमाणे मागे सरकू लागला. चाक उलटं फिरलं. वर आलेली भरली गाडगी पुन्हा खाली गेली.

"पाटील, विहिरीला तहान लागली होती का हो?" कुणीतरी ओरडलं.

"लागली असेल," पाटील कपाळ पुसत म्हणाले. "आमच्या बैलाला विचारा."

मोटकर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. घरी जाऊन त्यानं बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तीही हसली. मग म्हणाली, "अहो, आज मागे सरकला. उद्या शिकेल की."

"शिकायला तो काय माणूस आहे?"

पण आठ दिवसांत पाटलांचा बैल शिकला. त्याच्याकडे बघून शेजारचे बैल शिकले. दिवाळीपर्यंत रहाटगाडगी या गावातून त्या गावात पोचली आणि मोटकराच्या दाराशी थांबणाऱ्या गाड्या कमी झाल्या.

मोटकरानं मोटेचं कातडं जाड केलं. गिऱ्हाईक आलं नाही. त्यानं मोट मोठी केली. गिऱ्हाईक आलं नाही. मग त्यानं मोटेला रंगीत गोंडे लावले.

"विहिरीला नथ घालून काय होणार?" बायको म्हणाली. मोटकर तिच्याशी दोन दिवस बोलला नाही.

अखेर एका सकाळी सर्वात जुना कारागीर हात बांधून पुढे आला. "मालक, आम्ही दुसरं काम बघावं का? तुम्ही सांगाल तसं. पण पोरंबाळं आहेत."

मोटकरानं एकेका कारागिराकडे पाहिलं. हे वीस जण गेले तर कारखाना गेला, आणि कारखाना गेला तर सात पिढ्यांचं नाव गेलं.

"पंधरा दिवस थांबा," तो म्हणाला. "मी राजाकडे जातो. हे परदेशी यंत्र राज्यात नकोच, असा हुकूम घेऊन येतो."

राजाला नजराणा द्यायला त्यानं स्वतःच्या हातानं एक मोट शिवली. कातडं लोण्यासारखं मऊ, शिवण मुंगीच्या रांगेसारखी बारीक. एवढी सुंदर मोट त्याच्या आजोबांनीही शिवली नव्हती. ती गाडीत ठेवून, चांद्या आणि त्याच्या जोडीदाराला जुंपून तो राजधानीकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी वाटेत बैलांना पाणी पाजायला तो एका मळ्यात थांबला. विहिरीवर रहाटगाडगं होतं, पण चाक उभं होतं. मळ्याची मालकीण खापरांच्या ढिगाशेजारी बसली होती.

"काय झालं, बाई?"

"काय व्हायचंय, दादा? आमच्या विहिरी काळ्या दगडाच्या, आत कपारी. गाडगं आपटलं की फुटलं. वीस होती, तीन उरलीत. कुंभार म्हणतो, महिनाभर थांब. वांगी थांबतील का महिनाभर?"

मोटकरानं वांग्यांकडे पाहिलं. पानं माना टाकून बसली होती. त्याला वाईट वाटलं, पण आतून आनंदही झाला. राजाला सांगायला केवढा मोठा पुरावा मिळाला!

"मग काढा ते चाक आणि पुन्हा मोट लावा," तो म्हणाला.

"मी एकटी आहे, दादा. मोटेला एक माणूस बैलांपाशी लागतो आणि एक पाण्यापाशी. रहाटाला मी एकटी पुरते. मोट नको म्हणून नाही सोडली मी. माणूस नाही म्हणून सोडली."

मोटकरानं कासरा उचलला. तो गाडीत चढला. "चल रे चांद्या."

चांद्या हलला नाही.

"पाय दुखतात का?"

"पाय ठीक आहेत, धनी," चांद्या म्हणाला. "राजाकडे जाऊन काय सांगणार? गाडगी फुटतात, म्हणून यंत्र बंद करा?"

"तेच सांगणार."

"आणि ही बाई?"

"मला माझे वीस जण बघायचे आहेत. तुला काय कळतं त्यातलं?"

"फार नाही कळत. जन्मभर तुमच्या मोटा ओढल्या, पण खरं सांगू? मला मोटेचं कौतुक कधीच नव्हतं. वर आलेलं पाणी प्यायला मिळायचं, म्हणून ओढत होतो. एक मात्र पाहिलंय. तुमचं कातडं दगडावर कितीही आपटलं तरी फुटत नाही."

मोटकर गाडीतून खाली उतरला. त्यानं खापरांकडे पाहिलं. मग गाडीतल्या मोटेकडे पाहिलं. ती कापली तर राजाला द्यायला काही उरणार नव्हतं, आणि घरी वीस जण हुकमाची वाट बघत होते. बराच वेळ त्याचा हात मोटेवरून फिरत राहिला.

मग त्यानं कातडं कापायची रापी काढली आणि राजासाठी शिवलेली मोट उभी कापली.

त्यानं गाडग्याएवढी एक डोलची, म्हणजे कातड्याची छोटी बादली, शिवली, माळेला बांधली आणि चाक फिरवलं. डोलची पाण्यावर तरंगली आणि तशीच रिकामी वर आली.

"चपटी झाली," चांद्याचा जोडीदार म्हणाला. त्या प्रवासातले त्याचे हे पहिलेच शब्द होते.

मोटकर वैतागला, पण बैलाचं बरोबर होतं. तोंड मिटलं तर पाणी आत कसं जाणार? त्यानं बांधावरची निरगुडीचा लवचीक फोक तोडून त्याचं कडं केलं, ते डोलचीच्या तोंडाशी शिवलं आणि तळाशी एक गोटा घातला. या वेळी डोलची बुडाली, कपारीवर आपटली आणि काठोकाठ भरून वर आली.

दिवस कलेपर्यंत मोटकर शिवत राहिला. सतरा डोलच्या झाल्या. बाईनं बैल जुंपला आणि पाणी खळखळत वांग्यांकडे धावलं.

बाई पदर खोचत म्हणाली, "दादा, पलीकडच्या गावात माझा भाऊ आहे. त्याचीही गाडगी फुटलीत. जाल का?"

मोटकर भावाकडे गेला. भावानं त्याला शेजाऱ्याकडे नेलं. पंधरा दिवस पुरे होण्याआधी तो घरी परतला तेव्हा राजाचा हुकूम त्याच्याजवळ नव्हता, पण गाडीमागे अकरा गावांची माणसं डोलच्या मागायला चालत होती.

"कातडं भिजत घाला," तो कारागिरांना म्हणाला. "कुणीही कुठं जायचं नाही."

खूप खोल विहिरींना अजून मोट लागे. तीही तो मन लावून शिवत राहिला. पण कारखान्यात आता डोलच्यांचे ढीग दिसू लागले.

वर्षभरानं तो परदेशी व्यापारी स्वतः दारात उभा राहिला. मोटकराला वाटलं, हा भांडायला आला.

"आमच्याकडेही डोंगराळ मुलूख आहे," व्यापारी म्हणाला. "तिथं गाडगी टिकत नाहीत. माझं जहाज भरेल एवढ्या डोलच्या द्याल?"

मोटकर बायकोकडे बघत राहिला.

"बघता काय?" ती म्हणाली. "त्यांना आत बोलवा, आणि आणखी दहा कारागीर शोधा!"

तात्पर्य: आपण काय बनवतो यापेक्षा लोकांची कोणती गरज भागवतो हे ज्यानं ओळखलं, त्याचे हात कोणत्याही काळात रिकामे राहत नाहीत.