फणसाचे दुखणे

समुद्राजवळच्या एका गावात सुपारीची बाग होती. बागेच्या कोपऱ्यात दगडी गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, लागून एक जुना फणस होता आणि त्या फणसाच्या ढोलीत एक खार राहत असे. तिचा जन्म तिथला, तिच्या आईचाही तिथलाच. खार मोठी कामसू होती आणि मुलांनो, खरे सांगायचे तर ते तिला चांगले ठाऊकही होते. "माझ्यासारखी बेगमी करून दाखवा कोणी!" असे ती दिवसातून दोनदा तरी म्हणे. त्या वैशाखात फणस पिकले, तेव्हा तिने फणसाच्या बिया, म्हणजे आठळ्या, ढिगांनी गोळा केल्या. गडग्याच्या तळाशी एक कोरडे भोक होते. त्यात तिने त्या ठासून भरल्या आणि वरून पाल्याचा बोळा लावून टाकला.

पावसाळा सरला, दिवाळी झाली आणि फणसाची पाने पिवळी पडू लागली. शेंड्याकडच्या फांद्या वाळल्या. एके सकाळी बागेचे मालक झाडाखाली उभे राहिले, वर पाहून त्यांनी मान हलवली आणि गड्याला म्हणाले, "शिमग्यापर्यंत पालवला नाही, तर यंदा होळीसाठी हाच तोडायचा हो." खारीने ते ढोलीतून ऐकले. होळी म्हणजे जेमतेम तीन महिने! पण हातपाय गाळून बसेल ती खार कसली? शेपटी ताठ करून ती म्हणाली, "माझ्या झाडाला मी बरं करणार म्हणजे करणार."

तिने आधी कावळ्याला बोलावले. कावळ्याने मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली आणि सांगितले, "फांद्यांचा भार फार झालाय. काटक्या काढल्या, की झाड मोकळं होईल." मग त्याने वाळक्या काटक्यांबरोबर चांगल्या ओल्या डहाळ्याही मोडून नेल्या. त्याचे घरटे डागडुजीला आले होते, हे खारीला नंतर कळले. मग आला सुतारपक्षी. खोडाला कान लावून तो म्हणाला, "आत कीड आहे. मला ऐकू येतं ना!" त्याने ठकठक करून सात भोके पाडली. सातव्या भोकात दोन मुंग्या निघाल्या. "हीच ती कीड," असे म्हणून त्याने त्या गिळल्या आणि तो भुर्रकन उडून गेला. फणस आणखीच पिवळा पडला. खार चिडून म्हणाली, "ज्याने त्याने आपल्या पोटापुरता रोग शोधला! आता मीच बघते."

खार एरवी फांदीवरून थेट गडग्यावर उडी मारायची, त्यामुळे बुंध्याशी ती कित्येक महिन्यांत उतरलीच नव्हती. आता उतरली, तर पाय चिखलात रुतले. मातीला कुबट वास येत होता. आणि बुंध्याला लागून साचलेल्या पाण्यात एक बेडूक मजेत डुंबत होता.

"तू इथे कधीपासून?" खारीने विचारले.

"पावसाळ्यापासून," बेडूक सुखाने म्हणाला. "आधी विहिरीवर असायचो. पण हे डबकं बघ कसं झकास आहे! अजून आटायचं नाव नाही."

"इथे कधी पाणी साठत नसे."

"कसं साठेल? बागेतल्या पाटाचं पाणी गडग्याच्या त्या भोकातून पलीकडे निघून जायचं. वैशाखात पाट कोरडा होता, तेव्हा कुणीतरी भोकात आठळ्या कोंबल्या. पावसात त्यांना मोड आले, मुळं फुटली आणि भोक गच्च बुजलं. फणसाची मुळं मात्र कुजायला लागलीत बिचाऱ्याची. पण ज्याने कोंबल्या, त्याने माझ्यावर उपकारच केले!"

खारीची शेपटी हळूहळू खाली आली. तिला इतकी लाज वाटली, की क्षणभर ढोलीत जाऊन लपावेसे वाटले. तिने आजूबाजूला पाहिले. कुणाचेच तिच्याकडे लक्ष नव्हते, बेडकालाही संशय आला नव्हता. मग तिने वर, आपल्या पिवळ्या फणसाकडे पाहिले.

"त्या मीच कोंबल्या," ती म्हणाली. "आणि मीच काढणार."

"अगं, पण माझं डबकं!" बेडूक ओरडला.

"तुला विहीर आहे. ह्याला कुठे जाता येतं?"

चार दिवस खार त्या भोकाशी झटत होती. मुळांचा गुंता तिने दातांनी कुरतडला, चिखल नखांनी उकरला, वर्षभराची बेगमी स्वतःच्या हाताने बाहेर भिरकावली. चौथ्या दिवशी दुपारी भोकातून आधी थेंब थेंब पाणी झिरपले आणि मग खळखळ वाहू लागले. बेडूक कुरकुरत विहिरीकडे गेला. आठवडाभरात बुंध्याची माती उघडी पडली आणि तिला ऊन मिळाले. त्या हिवाळ्यात खारीचे पोट कधीच नीट भरले नाही, पण ती रोज बुंध्याशी उतरून माती हुंगून पाही.

फाल्गुन लागला. मालक कुऱ्हाड घेऊन आले आणि फणसाखाली थबकले. फांद्यांवर कोवळी, लखलखीत पालवी आली होती आणि खोडाला बोटभर लांबीच्या कुयऱ्या, म्हणजे इवले कोवळे फणस, धरल्या होत्या. "अरे वा, हा तर पालवला!" असे म्हणत ते कुऱ्हाड खांद्यावर टाकून दुसरीकडे वळले.

शेजारच्या आंब्यावरून कावळ्याने विचारले, "खारूताई, असं कोणतं औषध दिलंस गं?"

"औषध काहीच दिलं नाही," खार म्हणाली. "मी घातलेलं होतं, ते काढून घेतलं."

पुढच्या वैशाखात तिने आठळ्या आपल्या ढोलीतच ठेवल्या. झोपायला जागा उरली नाही, म्हणून उरलेला उन्हाळा ती फांदीवर झोपली.

तात्पर्य : आपल्या माणसाचे दुखणे शोधताना आपला हात त्याला कुठे लागला आहे, ते आधी पाहावे, आणि तसे आढळले, तर लाजून लपू नये, तो हात काढून घ्यावा.