कुरणाचा कौल

एका संस्थानात दिवाणांनी गावोगावची चराऊ कुरणं बंद करायचं ठरवलं. राजेसाहेब म्हणाले, "आधी रयतेचा कौल घ्या." मग दिवाण राजांना घेऊन धनगरांच्या वाडीत आले आणि भोवती लाठीवाले शिपाई उभे करून गरजले, "ज्याचा विरोध असेल, त्यानं पुढं येऊन नाव सांगावं!"

कुणी हललं नाही. कुरण गेलं तर वाडीतल्या ठकूबाईची मेंढरं महिनाभरही जगली नसती.

दिवाण कारकुनाला म्हणाले, "लिहा, गप्प बसले म्हणजे सगळ्यांचा होकार."

ठकूबाई उठली. "सरकार, ज्यांचा होकार हाय, त्यांचीबी नावं लिवून घ्या की."

दिवाण खूश झाले. "या, होकारवाले पुढं या!"

पुन्हा कुणी हललं नाही. दिवाण संतापले, "आता का गप्प?"

ठकूबाई म्हणाली, "मघाचं आमचं गप्प बसणं तुमास्नी बरोबर कळलं, दिवाणसाहेब. आताचंबी तुमीच सांगा."

राजेसाहेबांनी कारकुनाच्या हातातला कागद फाडला, शिपायांना वेशीबाहेर धाडलं आणि स्वतः विचारलं. मग मात्र वाडी अशी बोलू लागली, की कारकुनाला लिहून पुरं होईना. कुरण उघडंच राहिलं.